गेटाशेजारचा पर्जन्यवृक्ष आणि पुनर्विकास : झाडाची किंमत सभेत कशी मांडायची?

ओसरी (पुणे) · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

सहकारनगरला आमची जुनी सोसायटी आहे. तीन मजले, अठरा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची बोलणी दोन वर्षं चालली होती, मागच्या आठवड्यात बिल्डरकडून नकाशा आला. गेटाशेजारी मोठा पर्जन्यवृक्ष आहे. तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प बरोबर त्याच्या बुंध्यावरून काढलाय आणि झाडाच्या गोलावर बारीक अक्षरांत 'पुनर्रोपण प्रस्तावित' असं लिहिलंय. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तिथे हा नकाशा मंजुरीला येणार.

मी विषय काढला तेव्हा एक सभासद म्हणाले, "ताई, झाड छान आहे हो, पण आपल्याला त्याचा नेमका फायदा काय ते सांगा." मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. म्हणून शनिवारी सकाळी सातला पाण्याची बाटली घेऊन गेटाजवळच्या कट्ट्यावर बसले, ती तीनला उठले. मधे जेवायला तेवढी वर गेले.

फुलपुड्या देणाऱ्या मावशी झाडाखाली पोतं अंथरून पुड्या इमारतीप्रमाणे लावून घेतात. ऊन लागलं तर शेवटच्या घरी जाईपर्यंत फुलं माना टाकतात, असं म्हणाल्या. साडेनऊला इस्त्रीवाले दादा आले. त्यांचं टेबल बावीस वर्षं तिथेच आहे, पण एका जागी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फरशीवर त्यांनी विटेच्या तुकड्याने चार-चार फुल्या मारून ठेवल्यात, टेबलाच्या पायांसाठी. सकाळची जागा, अकरानंतरची जागा, दोननंतरची जागा. सावली सरकते तसं टेबल सरकतं. कोळशाच्या इस्त्रीसमोर उभं राहायचं आणि वरून एप्रिलचं ऊन, हे जमणारच नाही, म्हणाले.

अकराच्या सुमारास कचरा गोळा करणाऱ्या दोघी ताई आल्या. ओला-सुका वेगळा करतात तो तिथेच, मग एकला तिथेच डबा सोडतात. बारापासून घरपोच जेवण पोचवणारी मुलं. गाडी स्टँडवर लावून, हेल्मेट काढून, मोबाइलकडे बघत पुढच्या ऑर्डरची वाट बघतात. एका वेळी पाच जण होते. तळमजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन बाहेर आल्या, शाळेची व्हॅन सावलीत येऊन थांबली, समोरच्या बांधकामावरच्या एका बाईने बाळाची झोळी खालच्या फांदीला बांधली. दोन तास ते बाळ झोपलेलं होतं.

आता मला टोचणारी गोष्ट. आजी सोडल्या तर यातलं एकही माणूस आमचं सभासद नाही. सभेत यांना मत नाही, आणि नकाशावर सही करणाऱ्यांपैकी बरेच जण गाडीतून गेटाबाहेर पडतात.

हे सगळं सभेत कसं मांडू? नुसतं "झाडं लावा, झाडं जगवा" म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. आकडे, कायदा, अनुभव, जे असेल ते द्या.

हिशेबनीस (पुणे) · सोमवार, रात्री १०:२५

ओसरीताई, मनापासून लिहिलंय तुम्ही. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. मी झाडांचा शत्रू नाही.

आमच्याकडेही पर्जन्यवृक्ष होता. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच वळवात मांडीएवढी फांदी एका सभासदाच्या गाडीवर आली. आत कुणी नव्हतं म्हणून वाचलो. नुकसानभरपाई कुणी द्यायची यावरून जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. शिवाय गच्चीच्या पन्हाळी पानांनी तुंबतात, गाड्यांवर चिकटा पडतो, तो साबणाने निघत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या सभेत नक्की कुणीतरी बोलणार. माझी आई शहात्तर वर्षांची आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे ती गेल्या दोन वर्षांत तीनदा खाली उतरली, तिन्ही वेळा दवाखान्यात जायला. आमच्यासाठी पुनर्विकास म्हणजे लिफ्ट. झाडामुळे नकाशा सहा महिने लांबला तर त्या सहा महिन्यांची किंमत तिच्या आयुष्यातून जाते. जे झाड वाचवू म्हणतात त्यांनी याचंही उत्तर द्यावं, एवढंच म्हणणं.

मुळापासून (ठाणे) · मंगळवार, सकाळी ७:५०

मी झाडांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून आधी 'पुनर्रोपण' या शब्दाबद्दल. कागदावर हा शब्द बघितला की सगळ्यांना हायसं वाटतं. झाड कापत नाही, फक्त हलवतोय.

मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. उचलताना बुंध्याभोवती चर खणतात, त्यात यातली बहुतेक मुळं तुटतात. उरलेल्या मुळांना एवढा डोलारा पोसवणार नाही म्हणून फांद्या उडवतात. म्हणजे ट्रकवर चढतो तो एक ओंडका. त्याला दोन महिन्यांत पालवी फुटते, फोटो काढले जातात. पण ती पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर फुटलेली असते, नवी मुळं धरल्याची ती खूण नव्हे. साठा संपला की पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं, तेव्हा फोटो काढायला कुणी नसतं. वड, पिंपळ, उंबर या मंडळींना मुळं पटकन फुटतात, त्यांचं जमून जातं. जुना पर्जन्यवृक्ष हलवून जगवणं फार अवघड. माझ्या हातून झालेल्या कामांवरून सांगतो, मी तरी अशा झाडाची हमी देणार नाही.

हिशेबनीस यांचा मुद्दा खरा आहे. पर्जन्यवृक्षाचं लाकूड ठिसूळ, फांद्या लांब आणि आडव्या, पावसात भिजून जड होतात. पण फांदी पडली की आपण झाडाला दोष देतो, आदल्या दहा वर्षांत त्याचं काय केलं ते बघत नाही. बहुतेक सोसायट्यांत बुंध्याला चिकटवून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतात. पाणी आत जात नाही, हवा जात नाही, मुळं कुजतात. त्यात ड्रेनेजसाठी एका बाजूची मुळं तोडलेली. त्यावर छाटणी करणारा येतो आणि शेंडे उडवून जातो. उडवलेल्या जागी झाडूसारखे कोंब फुटतात, त्यांची पकड वरवरची असते, आणि चार-पाच वर्षांनी तेच मोडून पडतात. छाटणी फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून, तीन टप्प्यांत करायची. पहिला काप खालून अर्धवट, दुसरा वरून थोडा पुढे, म्हणजे वजन पडताना साल सोलली जात नाही. मग उरलेला खुंट. जखम भरून येते. उद्यान विभागाची परवानगी छाटणीलाही लागते आणि घरटी आहेत का ते आधी बघावं.

दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढं जरी तुम्ही आजपासून केलंत तरी झाड धोकादायक आहे की नाही या वादात तुमची बाजू भक्कम होईल. ओसरीताई, बुंध्याभोवती आत्ता काय आहे?

ओसरी · मंगळवार, सकाळी ९:१५

फरशी. अगदी बुंध्याला भिडवून. दोन ठिकाणी मुळाने उचलली आहे, तिथे सिमेंट ओतून पुन्हा सपाट केलंय. हे आमचंच काम, २०१५ च्या आसपासचं. लिहितानाच वाईट वाटतंय.

वऱ्हाडी_उन्ह (नागपूर) · मंगळवार, दुपारी १:१०

ताई, फायदा कोणता म्हणून विचारणाऱ्याले मे महिन्यात नागपुरात घेऊन या. इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जाते तेव्हा सिग्नलवर काय होते ते बघा. लाल दिवा लागला की दुचाकीवाले रेषेपर्यंत येतच नाहीत. पन्नास-साठ फूट मागे, जिथे कडुनिंबाची सावली असन तिथेच थांबतात. मधातला रस्ता पूर्ण रिकामा, अन् सावलीत खांद्याले खांदा लावून चाळीस गाड्या. हॉर्न नाही, भांडण नाही, समदे त्या झाडाखाली एका मनाचे.

आता कुठे कुठे सिग्नलवर हिरव्या जाळ्या लावून सावली करतात. चांगलंच आहे, पण मी दोन्हीखाली उभा राहिलो आहे. जाळीखाली ऊन लागत नाही, पण उकडते. झाडाखाली गार वाटते.

मुळापासून · मंगळवार, दुपारी २:००

वऱ्हाडीभाऊ, तुमच्या अंगाला जे जाणवलं ते बरोबर आहे. जाळी ऊन अडवते आणि स्वतः तापते, मग तीच उष्णता खाली सोडते. झाड ऊन अडवतं आणि पानांवाटे पाणी हवेत सोडतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तसंच.

याचं मोजमाप बंगळुरूत झालंय. झाडं असलेले आणि नसलेले रस्त्यांचे तुकडे निवडून हवेचं आणि डांबराचं तापमान घेतलं. दुपारच्या वेळी झाडांखालची हवा ५.६ अंशांपर्यंत गार होती आणि डांबराचा पृष्ठभाग तब्बल २७.५ अंशांपर्यंत कमी तापलेला. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय. सभेत हा आकडा सांगा. आपल्या हवामानाचा आहे, परदेशातला नाही.

गणितमित्र (नाशिक) · मंगळवार, सायंकाळी ६:३०

किंमतच विचारतायत ना? मग रुपयांत सांगा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडं तोडायचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने २०२१ मध्ये सांगितलं की झाडाचं वय गुणिले ७४,५०० रुपये, ही झाडाची किंमत. शंभरी ओलांडलेल्या पुरातन झाडाची किंमत एक कोटीच्या वर जाऊ शकते.

तुमचं झाड समजा साठ वर्षांचं असेल, तर ४४ लाख ७० हजार रुपये. सभेत फळ्यावर लिहा. बघा किती शांतता पसरते.

मुळापासून · मंगळवार, रात्री ८:०५

गणितमित्र, आकडा बरोबर आहे, पण सभेत तो एकटा वापरू नका अशी माझी विनंती. त्या ७४,५०० मधले ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आहेत. सिलिंडरच्या भावाने. सभेत एखादा रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असतोच, तो उठून विचारेल, हवेत २१ टक्के प्राणवायू आहेच, तो आपल्याला कधी विकत घ्यावा लागला? आणि त्याचं बरोबर असेल. आपल्या गल्लीत प्राणवायूचा तुटवडा नाही. तुटवडा सावलीचा आहे, पाणी मुरायला मोकळ्या मातीचा आहे, धूळ धरून ठेवणाऱ्या पानांचा आहे. सगळा भार प्राणवायूवर टाकला आणि तो एक मुद्दा पडला, की बाकीचे खरे मुद्देही त्याच्याबरोबर पडतात. आवाज अडवण्याचंही तसंच. एकटं झाड गाड्यांचा आवाज फारसा अडवत नाही, त्यासाठी दाट पट्टा लागतो. जे झाड करतं तेच सांगावं. ते पुरेसं आहे.

कलम_आठ (मुंबई) · मंगळवार, रात्री ९:५०

कायद्याचं थोडक्यात.

महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. आपल्या आवारातलं असलं तरी झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. बुंध्याला गिरमिटाने भोकं पाडून आत काही ओततात, तेही त्यातच. परवानगी द्यायच्या आधी नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि झाडावर ठळक जागी लावावी लागते. मुदतीत हरकत लेखी द्या, पोच घ्या. हरकत घ्यायला तुम्ही सभासदच असायला हवं असं नाही. तुमचे इस्त्रीवाले दादाही देऊ शकतात. हे त्यांना सांगा.

२०२१ च्या सुधारणेनुसार पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'पुरातन वृक्ष' ठरतं. तोडायची परवानगी मिळालीच तर भरपाईची रोपं झाडाच्या वयाइतकी लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं जोपासायची. म्हणून तुमच्या झाडाचं वय ठरणं फार महत्त्वाचं आहे. जुना फोटो, पत्र, नगरपालिकेची पावती, काहीही शोधा.

भरपाईबद्दल मात्र मनात स्पष्टता ठेवा. साठ रोपं शहराच्या कडेला कुठल्यातरी उतारावर लागतील. ती जगली तर उत्तमच. पण त्यातल्या एकाचीही सावली त्या टेबलावर पडणार नाही.

हिंदू_कॉलनी (मुंबई) · बुधवार, सकाळी ११:२०

दादरला पारशी कॉलनीच्या शेजारी वाढले, त्यामुळे झाडांशिवाय रस्ता ही कल्पनाच उशिरा कळली. पारशी कॉलनी ज्यांनी आखली त्या मंचेरजी जोशींनी झाडं रस्त्यांबरोबरच आखली होती, एकेका रस्त्याला एकेक जात. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला म्हणून आम्ही मे महिन्यातही शाळेतून डोक्यावर दप्तर न घेता घरी यायचो.

मुंबईच्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांवर झाडं मोजली गेली. ऐकायला केवढी वाटतात. पण त्यात जंगलातलीही आली आणि दारातलीही. बोरिवली, चिंचपोकळी, फणसवाडी, ताडदेव, नावांत झाडं आहेत. चिंचपोकळी स्टेशनाबाहेर चिंच कुठे आहे ते शोधून दाखवा.

पर्जन्यवृक्षांबद्दल सावध करते. आमच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वी पिठ्या ढेकणाने रस्तेच्या रस्ते उभे वाळले. पांढरी पूड दिसायला लागली तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, मग नुसते सांगाडे राहिले. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात एका दिवसात शेकडो झाडं गेली. आमच्या गल्लीतलं जे आडवं झालं त्याची मुळं मी जाऊन बघितली. फूटपाथच्या चौकोनाएवढीच होती, कुंडीतल्या रोपासारखी चौकोनी. त्या झाडाला आपण कधी जमीन दिलीच नव्हती.

रात्रपाळी (कोल्हापूर) · बुधवार, दुपारी ४:४०

मी नर्स आहे. १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, तो आम्हाला शिकताना सांगितला होता. पेन्सिल्वेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ च्या नोंदी काढल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे बघून तेवीस जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. आणि माझ्या मनात राहिलेली गोष्ट म्हणजे त्यात नर्सच्या नोंदीही तपासल्या होत्या. "रडते आहे", "अस्वस्थ, धीर द्यावा लागतो", अशा नोंदी भिंतीकडच्यांच्या जास्त होत्या.

अभ्यास छोटा आहे, तेवीस जोड्यांचा. पण आमच्या वॉर्डात खिडकीबाहेर बकुळ आहे आणि त्या खाटेसाठी नातेवाईक आल्या-आल्या विचारतात, ती रिकामी आहे का म्हणून. कुणी त्यांना अभ्यास वाचून दाखवलेला नसतो.

हिशेबनीसदादा, तुमच्या आईंच्या खिडकीतून काय दिसतं?

हिशेबनीस · बुधवार, रात्री ९:००

तुमचा प्रश्न वाचला आणि उठून आईच्या खोलीत गेलो. तो पर्जन्यवृक्ष आम्ही गेल्या वर्षी परवानगी काढून पूर्ण उतरवला. आता समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. आई म्हणाली, "संध्याकाळ झालेली आता कळत नाही रे." मला आधी कळेना. मग लक्षात आलं, पर्जन्यवृक्ष संध्याकाळी पानं मिटतो. ती खाटेवरून पानं मिटताना बघायची आणि देवाजवळ दिवा लावायला सांगायची. आम्ही समजत होतो ती घड्याळ बघते.

माझे मुद्दे मी मागे घेत नाही. लिफ्ट हवीच. पण फांद्या हलक्या करून भागलं असतं का, हे तेव्हा आम्ही कुणाला विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

यारा_काठ (मेलबर्न) · गुरुवार, सकाळी ६:१५

इथला अनुभव सांगतो. २०१३ च्या सुमारास मेलबर्न शहराने आपल्या झाडांना क्रमांक आणि ईमेल पत्ते दिले. फांदी मोडली, कीड लागली तर लोकांनी कळवावं एवढाच हेतू. लोकांनी झाडांना पत्रं लिहायला सुरुवात केली. रोज कामावर जाताना तुझ्याखालून जातो, परीक्षेच्या दिवसांत तुझ्याखाली बसायचे, अशी. हजारो.

त्यामागे मोठा धक्का होता. १९९७ ते २००९ असा दुष्काळ पडला, शहरातली जुनी एल्म झाडं डोळ्यांदेखत खंगली. मग ठरलं की झाडांचं छत्र २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायचं. आणि बांधकामासाठी सार्वजनिक झाड काढायचंच असेल तर काढण्या-लावण्याच्या खर्चाबरोबर झाडाचं मूल्यही बिल्डरने भरायचं. जात, आकार, जागा, प्रकृती बघून ते काढतात. यात 'जागा' आहे हे महत्त्वाचं. तेच झाड रिकाम्या कोपऱ्यात आणि वर्दळीच्या फूटपाथवर, दोन्हीकडे सारखं धरत नाहीत.

तुमच्या विटेच्या फुल्या म्हणजे तेच मोजमाप आहे, ओसरीताई. त्यांचा फोटो सभेत दाखवा.

ओसरी · शनिवार, रात्री ८:३०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, कारण काल एक मोठी गोष्ट हाती लागली.

कलम_आठ यांनी सांगितल्याप्रमाणे वयाचा पुरावा शोधत होते. तळमजल्यावरच्या आजींकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी सांगते की वय. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या पुढच्या वर्षी लावलंय ते." बारा जुलै १९६१ ला पुरात त्यांचं नदीकाठचं भाड्याचं बिऱ्हाड वाहून गेलं. सहा भांडी आणि शिवणयंत्राचं चाक एवढं हाती लागलं. इकडे राहायला आले तेव्हा तळजाईच्या पायथ्यापर्यंत नुसता माळ होता. डोक्यावर सावली म्हणून काही नव्हतं, बायका पाणी भरायला साडीचा नाही, पोत्याचा पदर करून जायच्या. त्यांच्या यजमानांनी कुठूनसं बोटाएवढं रोप आणून लावलं. भांडी घासलेलं पाणी त्याला घालायच्या.

मग त्यांनी ट्रंकेतून फोटो काढला. मुलाच्या मुंजीचा, मागे तारीख शाईने लिहिलेली, १९७१. मुलाच्या मागे ते झाड, आजींच्या दंडाएवढं खोड, वर छोटीशी छत्री. आता त्याच बुंध्याला आम्ही तिघींनी हात धरून कवळ घातली तेव्हा कशीबशी बोटाला बोटं लागली.

आजींना विचारलं, सभेत बोलाल का? म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात. मला खुर्चीवर बसवून न्या."

कलम_आठ · शनिवार, रात्री ९:१०

तो फोटो आजच स्कॅन करून ठेवा, मागच्या तारखेसकट. त्याची प्रत अर्जासोबत वृक्ष अधिकाऱ्यांना द्या. पन्नासच्या पुढचं आहे हे त्यावरून मांडता येईल.

ओसरी · पुढचा रविवार, रात्री १०:५०

सभा झाली. साडेतीन तास.

आकडे मी दोनच सांगितले, बंगळुरूचे. कायद्याचं अर्धं पान वाचून दाखवलं. ७४,५०० चा उल्लेख केला तो शेवटी, आणि "हा एक प्रकारचा अंदाज आहे" असं म्हणूनच केला. खरंच एक निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांनी प्राणवायूचा प्रश्न विचारला. मुळापासून, तुम्हाला नमस्कार.

विटेच्या फुल्यांचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मात्र कुजबुज सुरू झाली. कित्येकांनी बावीस वर्षं कपडे दिले होते, टेबल सरकतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग आजी बोलल्या. फार नाही बोलल्या. पूर, माळ, भांड्यांचं पाणी. शेवटी म्हणाल्या, "मला नवी इमारत हवी आहे, लिफ्ट हवी आहे. झाड पण हवंय. दोन्ही मागायला लाज वाटत नाही मला."

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी आर्किटेक्टना सरळ विचारलं, रॅम्प दुसऱ्या टोकाला नेला तर काय होतं? त्यांनी कागद काढून हिशेब केला. रॅम्प पूर्वेच्या भिंतीकडे जाऊ शकतो, पण तळघरातल्या दोन गाड्यांच्या जागा जातात आणि वळण जरा तिरकं होतं. यावर बराच वाद झाला. दोन गाड्या कुणाच्या, हा प्रश्न सुटलेला नाही. ठराव असा झाला की बिल्डरने दोन्ही नकाशे तीन आठवड्यांत द्यावेत आणि लिफ्टचं वेळापत्रक झाडामुळे मागे ढकलू नये. अकरा विरुद्ध पाच, दोघे तटस्थ. म्हणजे झाड वाचलं असं मी म्हणणार नाही. अजून तीन आठवडे आहेत आणि माझ्या पोटात गोळा आहे.

एक गोष्ट मात्र एकमताने झाली. बुंध्याभोवतीची फरशी काढायची, चारी बाजूंनी एक मीटर. येत्या शनिवारी सकाळी सातला सुरुवात. इस्त्रीवाले दादा म्हणाले, "माझ्या फुल्या जातील त्यात, पण मी नव्या मारीन." कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी सांगितलं की खाली पडलेल्या शेंगा झाडून टाकू नका, त्या घरी शेळ्यांना नेतात. हेही मला आजवर माहीत नव्हतं.

मुळापासून, फरशी काढताना वरची मुळं दुखावू नयेत म्हणून काय काळजी घ्यायची? पहार चालेल की छिन्नी-हातोडीनेच करू? आणि खालची माती दगडासारखी घट्ट झालीय, तिच्यात काय मिसळायचं?

मुळापासून · सोमवार, सकाळी ७:२०

पहार फक्त फरशी उचलायला, आडवी धरून. उभी मारू नका. मातीला खुरपं आणि हात. बोटाएवढं मूळ दिसलं की तिथे थांबायचं, त्याच्या बाजूने जायचं. तुटलंच तर धारदार कात्रीने टोक साफ कापा, ओबडधोबड ठेवू नका. मुळं उघडी पडली की लगेच ओल्या गोणपाटाने झाका. कुजलेलं शेणखत आणि याच झाडाचा पालापाचोळा तीन इंच पसरा, पण बुंध्याला टेकवू नका, चार बोटं मोकळी सोडा. पहिल्या दिवशी पाणी हळूहळू, झारीने.

मी शनिवारी पुण्यात आहे. सातला येतो.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ८:०५

मीही येतो, बिबवेवाडीहून फार लांब नाही. माझ्याकडे दोन पहारी आणि घमेली आहेत. आईला विचारलं, तुला यायचंय का. जिना उतरवायला आम्ही दोघं भाऊ आहोत. खुर्ची लागेल तेवढी ठेवा, आजींच्या शेजारी.